एका घंटेचे मोल

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. त्या देवळाच्या दर्शनी बाजूस टांगलेली घंटा पाहिल्यावाचून परतणारा यात्रेकरू विरळाच. ही घंटा या भूमीत ओतलेली नव्हे. ती पोर्तुगीज बनावटीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून ती येथे आली, असे परंपरा सांगते. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या इगर्जींतील अशा कितीतरी घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. ज्या घंटेने एकेकाळी ख्रिस्ती भाविकांना प्रार्थनेची हाक घातली, तीच पुढे हरिहरांच्या द्वारी नाद करू लागली. तिच्यावर साल कोरलेले होते आणि तिच्या मागे इतिहासाची साक्ष होती, म्हणून तिची ओळख हरवली नाही.

परंतु ज्या घंटेवर एकही अक्षर नाही, तिची ओळख कशी पटवावी? युरोपातील जुन्या घरांत, नाविकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या वंशजांकडे, जुन्या वस्तूंच्या दुकानांत अधूनमधून एक निराळीच घंटा दृष्टीस पडते. ती आपल्या देवळातील घंटेसारखी गोल नसते. तिला चार बाजू असतात. खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली, जणू शेंडा छाटलेला मनोराच. उंची साधारण वीतभर. माथ्यावर अर्धवर्तुळाकार कडी, आत लोंबणारा लोळा, एका बाजूवर उठावाचे मानवी मुख, कडेने वेणीसारखी गुंफण, आणि उरलेल्या बाजूंवर कधी जाळी, कधी बारीक टिंबांची नक्षी. घरच्या मंडळींना तिच्याविषयी एवढेच ठाऊक असते की ती ‘आफ्रिकेतली’ आहे. मग कोणीतरी ती जाणकाराकडे घेऊन जातो आणि दोन प्रश्न विचारतो : ही काय आहे, आणि हिची किंमत किती?

हे दोन प्रश्न वरवर साधे वाटतात. पहिल्याचे उत्तर विद्वानाने द्यावे आणि दुसऱ्याचे व्यापाऱ्याने, असे आपण समजतो. परंतु पश्चिम आफ्रिकेच्या घंटेचा इतिहास पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, या दोहोंच्या मध्ये तिसरा एक प्रश्न उभा आहे आणि त्याचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्या दोहोंची उत्तरे पुरी होत नाहीत. तो प्रश्न असा : ही घंटा येथवर आली कशी?

प्रथम ओळखीचा विचार करू. पश्चिम आफ्रिकेत घंटांची मुख्यतः दोन कुळे आहेत. एक लोखंडी, दुसरे ओतीव पितळेचे किंवा काशाचे. लोखंडी घंटा लोहार घडवतो. लोखंडाचे दोन पत्रे ठोकून, त्यांच्या कडा एकमेकींवर जुळवून ती तयार होते. तिला बहुधा लोळा नसतो. ती काठीने वाजवायची असते. योरुबा लोक तिला ‘अगोगो’ म्हणतात आणि बेनिनमध्ये तिचे नाव ‘एगोगो’ आहे. घाना व टोगो या देशांतील एवे लोकांची ‘गांकोगुई’ ही अशीच एक लहान आणि एक मोठी अशा दोन घंटा जोडून केलेली जुळी घंटा आहे. नृत्याच्या वेळी सगळे ढोल आपापला ठेका धरतात तो या घंटेच्या आधाराने. यान वान्सिना या इतिहासकाराने १९६९ साली लिहिलेल्या एका निबंधात या लोखंडी घंटांचा प्रसार कसकसा झाला याचा मागोवा घेतला आणि जुळी घंटा मध्य आफ्रिकेत अनेक ठिकाणी राजसत्तेचे चिन्ह म्हणून वावरत होती असे दाखवून दिले.

दुसरे कूळ ओतीव घंटांचे. त्यातही घराणी निरनिराळी आहेत. योरुबा प्रदेशातील इजेबू येथील सरदार ‘ओमो’ नावाची घंटा अंगावर वागवीत. तिचा दर्शनी भाग म्हणजे एक मोठे मुखच असते, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, गालांवर रेघा. नायजर नदीच्या मुखाकडील प्रदेशात माणसाच्या किंवा बिबट्याच्या मस्तकाच्या आकाराच्या घंटा सापडल्या आहेत. त्या नेमक्या कोणत्या गावी ओतल्या हे निश्चित सांगता येत नसल्यामुळे विल्यम फॅग या कलेतिहासकाराने त्या सर्वांना ‘नायजर नदीच्या खालच्या अंगाचे कांस्यकाम’ असे एकच मोघम नाव दिले. आणि वर जिचे वर्णन केले ती चौकोनी, निमुळती घंटा बेनिनची. तिचे तेथील नाव ‘एरोरो’.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे बेनिन म्हणजे आजचे बेनिन प्रजासत्ताक नव्हे. तो देश पूर्वी दाहोमे या नावाने ओळखला जाई आणि १९७५ साली त्याने बेनिन हे नाव घेतले. प्रस्तुत बेनिन हे दक्षिण नायजेरियातील एडो भाषा बोलणाऱ्या लोकांचे प्राचीन राज्य. त्याच्या राजाला ‘ओबा’ म्हणतात. बेनिन शहर आजही नांदते आहे, आणि ओबाचा राजवाडाही.

या राज्यात पितळ म्हणजे केवळ धातू नव्हता. ते गंजत नाही, झिजत नाही, त्याची लालसर झळाळी डोळ्यांत भरते. म्हणून ते राजसत्तेच्या अविनाशीपणाचे प्रतीक होते. ओबाच्या अनुज्ञेवाचून कोणालाही पितळेच्या वस्तू ओतता येत नसत. ओताऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग होता. त्याचे नाव इगुन एरोन्म्वोन. ओबा ओगुओला याने इफे या नगराहून इगुएघा नावाचा कारागीर आणवला आणि त्याच्यापासून ही विद्या बेनिनमध्ये रुजली, असे तेथील परंपरा सांगते.

चौकोनी घंटेची या राज्यात दोन स्थाने होती. पहिले स्थान योद्ध्याच्या छातीवर. सोळाव्या-सतराव्या शतकांत बेनिनच्या राजवाड्याचे खांब पितळी फलकांनी मढवलेले होते. त्या फलकांवर कोरलेल्या वीरांच्या गळ्यात ही घंटा स्पष्ट दिसते. ती रणात संरक्षण करते आणि परतीच्या वाटेवर विजयाची वार्ता देते, अशी श्रद्धा होती. दुसरे स्थान पितरांच्या वेदीवर. बेनिनमध्ये दिवंगत राजासाठी नवा राजा मातीची वेदी उभारी. तिच्यावर पितळी मस्तके, कोरीव हस्तिदंत, खुळखुळणारे दंड आणि घंटा मांडल्या जात. पूजेच्या आरंभी घंटा वाजवून पितरांना जागे करावयाचे, त्यांना बोलावयाचे. देवघरात घंटानाद करून देवतांचे आवाहन करणाऱ्या मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगावयास नकोच.

आता या घंटेच्या धातूकडे वळू. कारण धातूची वाट आपल्या परिचयाच्या समुद्रातून गेलेली आहे. १४८६ साली झुआंव आफोंसो द आव्हेरो हा पोर्तुगीज बेनिनला पोचला. तेथून त्याने नेलेल्या वस्तूंत एक प्रकारची मिरी होती. आपल्याकडील कंकोळासारखी, देठासकटची. युरोपच्या बाजारात ती विकली जाऊ लागली. पण पुढे वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट सापडली आणि मलबारची काळी मिरी लिस्बनला येऊ लागली. तिच्या व्यापारात वाटेकरी नको, म्हणून पोर्तुगालच्या राजाने १५०६ साली बेनिनच्या मिरीचा व्यापार बंद केला. गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडण्यापूर्वी चार वर्षे घडलेली ही गोष्ट. मलबारच्या किनाऱ्यावरील एका वेलीने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील दुसऱ्या एका वेलीचा व्यापार असा संपवला.

मिरी संपली तरी व्यवहार संपला नाही. पोर्तुगीज जहाजे बेनिनला तांबे आणि पितळ नेत. ते ‘मनिल्ला’ नावाच्या कड्यांच्या रूपाने जाई. मनिल्ला म्हणजे घोड्याच्या नालासारखे उघडे, टोकांना किंचित पसरट असे जाड कडे. नायजरच्या मुखाशी ते नाण्यासारखे चाले. आणि या नाण्याने काय विकत घेतले जाई, हे दुआर्ते पाशेको परेरा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले आहे. कोचीनच्या राजाच्या बाजूने सामुरीशी १५०४ साली झुंजलेला पोर्तुगीज सेनानी तो हाच. त्याच्या लिखाणावरून त्या किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या नद्यांच्या मुखाशी आठ-दहापासून बारा-पंधरा कड्यांपर्यंत मोबदल्यात एक गुलाम मिळे. माणसाचे मोल पितळेत मोजले जात होते. ही मागणी केवढी होती, याची कल्पना एका करारावरून येते. जर्मनीतील फुगर या सावकारी पेढीने १५४८ साली पोर्तुगालच्या राजाला सुमारे १४ लक्ष मनिल्ला पुरवण्याचे मान्य केले होते.

बेनिनचे ओतारी ही कडी मुशीत वितळवीत आणि त्यांतून ओबासाठी मस्तके, फलक, घंटा ओतीत. हा केवळ तर्क होता तो २०२३ साली शास्त्रीय पुराव्याने दृढ झाला. जर्मन संशोधकांनी समुद्रात बुडालेल्या जुन्या जहाजांतून आणि जमिनीवरील काही स्थळांतून मिळालेल्या ६७ मनिल्लांच्या धातूचे पृथक्करण केले. त्यांतील शिशाची जात बेनिनच्या वस्तूंतील शिशाशी जुळली आणि तो धातू जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या प्रदेशातील खाणींतून आलेला असल्याचे दिसून आले. ऱ्हाइनकाठची माती, पोर्तुगिजांचे जहाज, गुलामांचा बाजार, ओबाची मूस, असा प्रवास करून हा धातू पितरांच्या वेदीवर नाद करू लागला होता. मनिल्लांचे पुढे काय झाले हेही ऐकण्यासारखे आहे. नायजेरियातील इंग्रज सरकारने १९४८-४९ साली ते चलन बंद केले, तीन कोटींहून अधिक कडी लोकांकडून परत घेतली आणि मोडीच्या भावाने विकून टाकली. ज्या कड्यांना ओताऱ्याचा हात लागला ती राजवैभवाला चढली. जी तशीच राहिली ती शेवटी मोड ठरली.

ओतारी काम कसे करीत? प्रथम मातीचा गाभा. त्यावर मेणाचा थर. त्या मेणात मुखे, वेण्या, जाळी असे सारे नक्षीकाम. वरून पुन्हा मातीचे लेप. मग साचा तापवावयाचा. मेण वितळून वाहून जाते आणि त्याने सोडलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतावयाचा. थंड झाल्यावर साचा फोडला की वस्तू हाती येते. साचा एकदाच उपयोगी पडत असल्यामुळे अशी प्रत्येक घंटा एकुलती एक असते. ही विद्या आपल्याकडेही प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाच्या आधारे मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे, आणि बस्तरचे ओतारी आजही त्याच रीतीने काम करतात. दोन खंडांतील कारागिरांना एकमेकांचे नावही ठाऊक नसताना अग्नी, मेण आणि माती यांनी त्यांना एकच मार्ग दाखवला.

हे ज्ञान घेऊन पुन्हा त्या निनावी घंटेकडे पाहावे. जाणकार तिला हाती घेतो तेव्हा प्रथम तिची नक्षी पाहत नाही. तो तिची कडी पाहतो. घंटा वर्षानुवर्षे दोरीला टांगलेली असेल, तर कडीच्या आतल्या अंगाला, वरच्या बाजूस, दोरीने झिजवलेली खाच असते. मग तो ती उलटी धरून आत पाहतो. लोळा जेथे आदळत आला तेथे धातू गुळगुळीत आणि किंचित दबलेला असला पाहिजे. छातीवर वागवलेल्या घंटेची मागची बाजू कपड्याशी आणि कातडीशी घासून मऊ झालेली असते. पुढील मुखाचे नाक, कपाळ हे उंचवटे हातांनी झिजलेले असतात. खोटा जुनेपणा आणणारा माणूस तेजाब लावून हिरवा कळंक चढवतो. परंतु तो कळंक सर्वत्र सारखाच बसतो, उंचवट्यावरही आणि खोबणीतही. खरा काळ असा सरसकट वागत नाही. जेथे हात लागतो तेथे तो धातूला उजाळा देतो आणि जेथे हात पोचत नाही तेथे राप चढवतो.

यानंतर रसायनशास्त्राचे साहाय्य. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. युरोपात पूर्वी जस्ताचा निराळा धातू काढता येत नसे. जस्ताचे खनिज तांब्याबरोबर भट्टीत घालून पितळ करीत. त्या रीतीने पितळात जस्ताचे प्रमाण शेकडा २८-३० च्या वर सहसा जात नाही. जस्त निराळे काढण्याची विद्या राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे युरोपच्या कित्येक शतके आधीपासून चालू होती. इंग्लंडात विल्यम चँपियनने तिचे एकस्व मिळवले ते १७३८ साली. म्हणून एखाद्या घंटेत जस्ताचे प्रमाण शेकडा ३५ आढळले, तर ती सोळाव्या शतकातील आहे हे म्हणणे टिकत नाही. मात्र याचा व्यत्यास खरा नाही. जस्त कमी आहे म्हणून घंटा जुनीच, असे ठरत नाही. जुनी मोड वितळवून काल-परवाही घंटा ओतता येते. घंटेच्या आतील कोपऱ्यात मूळ मातीचा गाभा थोडा शिल्लक असेल, तर ती माती शेवटची केव्हा तापली हे प्रयोगशाळेत अजमावता येते. म्हणूनच अशी वस्तू सापडताच चिंच लावून लख्ख करण्याचा मोह आवरावा. एका सकाळच्या घासण्याने दोनतीनशे वर्षांचा पुरावा धुऊन जातो.

या साऱ्या कसोट्या लावल्यावर बहुतेक घंटांविषयी जो निर्णय होतो तो मालकाला निराश करणारा असतो. त्या जुन्या नसतात. विसाव्या शतकात नायजेरिया, घाना, कामेरून येथे प्रवाशांसाठी आणि निर्यातीसाठी अशा शोभेच्या घंटा मोठ्या संख्येने ओतल्या गेल्या. अशा घंटेला पश्चिम आफ्रिकी धर्तीची म्हणावे. जुनी बेनिन घंटा म्हणू नये. परंतु म्हणून ती बनावट ठरत नाही. बेनिन शहरात इगुन रस्त्यावर आजही ओताऱ्यांचे वंशज भट्ट्या पेटवतात, मेणात मुखे घडवतात. त्यांनी ओतलेली घंटा ही त्याच परंपरेतील आजच्या कारागिराची कृती आहे. ती नवी म्हणून विकली तर व्यवहार चोख. जुनी म्हणून विकली तर लबाडी. दोष घंटेचा नसून तिच्याविषयी सांगितलेल्या गोष्टीचा असतो.

आणि क्वचित एखादी घंटा खरोखरच जुनी निघते. कडी झिजलेली, धातू जुळणारा, मुख बेनिनच्या शैलीचे. अशा वेळी व्यापारी विचारतो, ‘कागद आहेत काय?’ कारण घंटा केव्हा आणि कोणाच्या हातून युरोपात आली याचा लेखी पुरावा मिळाला, तर तिची किंमत कितीतरी पटीने वाढते. येथेच त्या तिसऱ्या प्रश्नाशी गाठ पडते. त्या कागदावर बहुधा एकच साल असते : १८९७.

त्या वर्षाच्या जानेवारीत जेम्स फिलिप्स हा इंग्रज अधिकारी आपल्या तुकडीसह बेनिनकडे निघाला. शहरात धार्मिक विधी चालू आहेत, सध्या येऊ नये, असा निरोप मिळूनही तो थांबला नाही. वाटेत बेनिनच्या योद्ध्यांनी त्याच्या तुकडीवर हल्ला केला आणि तीतील बहुतेक माणसे मारली गेली. फेब्रुवारीत ॲडमिरल रॉसन याच्या नेतृत्वाखाली इंग्रज फौज चालून आली आणि १८ फेब्रुवारी १८९७ रोजी बेनिन पडले. शहराला आग लागली, राजवाडा जळाला. पितरांच्या वेद्यांवरील मस्तके, हस्तिदंत, घंटा आणि खांबांवरील फलक अशा हजारो वस्तू विजेत्यांच्या हाती गेल्या. काही मोहिमेच्या खर्चासाठी लंडनमध्ये विकल्या गेल्या, काही अधिकाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतल्या. ओबा ओव्होनराम्वेन याला कालाबारला हद्दपार करण्यात आले. तेथेच १९१४ साली तो वारला. त्याच वर्षी त्याचा पुत्र दुसरा एवेका हा गादीवर बसला, पण तेव्हा बापाच्या वेदीवर मांडण्याजोगे जुने काही उरले नव्हते.

या वस्तू युरोपात पोचल्या तेव्हा तेथील पंडितांना त्यांचे कसब पाहून आश्चर्याचा धक्का बसला. आफ्रिकेच्या माणसाने हे स्वतः केले असेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. कोणी पोर्तुगीजांकडे बोट दाखवले, कोणी इजिप्तकडे. बर्लिनचे फेलिक्स फॉन लुशान यांच्यासारख्या मोजक्या विद्वानांनी ही कला आफ्रिकेचीच आहे असे ठासून सांगितले. त्याला निर्विवाद बळकटी मिळाली ती पुढे. पूर्व नायजेरियातील इग्बो-उक्वू या गावी १९३८ साली घराच्या आवारात पाण्याची टाकी खणताना इसाया अनोझी यांना कांस्यवस्तू सापडल्या. थर्स्टन शॉ यांनी १९५९-६० मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. मेणाच्या रीतीने ओतलेली नाजूक पात्रे, अलंकार आणि लहान लहान घंटा तेथे मिळाल्या. त्यांचा काळ सुमारे नवव्या-दहाव्या शतकाचा ठरला. पोर्तुगीजांचे पहिले जहाज त्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी पाचशे वर्षे तेथील ओतारी हे काम करीत होते! ओळख चुकली म्हणजे नुसते एका वस्तूचे नाव चुकत नाही; एका समाजाच्या बुद्धीवरचा हक्कच हिरावला जातो, हा त्या वादाचा धडा आहे.

आता कोडे असे आहे. बाजाराच्या दृष्टीने १८९७ हे साल म्हणजे अस्सलपणाचा दाखला. त्या वर्षी बेनिनमधून आलेली वस्तू प्रवाशांसाठी ओतलेली असणे शक्य नाही. परंतु न्यायाच्या दृष्टीने तेच साल म्हणजे लुटीचा कबुलीजबाब. ज्या कागदाने घंटेची किंमत वाढते, त्याच कागदाने मालकाच्या हक्काला सुरुंग लागतो. बराच काळ बाजाराने पहिलीच बाजू पाहिली. २०१० च्या डिसेंबरात लंडनमधील एका लिलावगृहाने बेनिनच्या राजमातेचा हस्तिदंती मुखवटा विक्रीस काढल्याचे जाहीर केले. ३५ ते ४५ लाख पौंडांचा अंदाज होता. तो मुखवटा १८९७ शी संबंधित अधिकाऱ्याच्या वंशजांकडे आलेला होता. नायजेरियातून आणि अन्य देशांतून इतका निषेध झाला की ती विक्री मागे घ्यावी लागली. तेव्हापासून या वस्तूंच्या किमतीचा विचार निव्वळ व्यापाऱ्यांच्या हाती राहिला नाही.

आणि एका घंटेपुरता हा प्रश्न एका माणसाने आपल्या परीने सोडवलाही. १८९७ च्या मोहिमेत कॅप्टन हर्बर्ट वॉकर हा एक अधिकारी होता. त्या दिवसांची रोजनिशी त्याने लिहून ठेवली होती. त्याने आणलेल्या वस्तूंपैकी दोन त्याच्या घराण्यात उरल्या : एक पितळी पक्षी आणि एक घंटा. पितरांना आवाहन करताना वाजवावयाची ती घंटा. त्या वारशाने त्याच्या नातवाकडे आल्या. हा नातू व्यवसायाने डॉक्टर. त्याने आजोबाची रोजनिशी वाचली. दोन्ही वस्तू विकल्या असत्या तर मोठी रक्कम हाती आली असती. त्याने तसे केले नाही. २०१४ च्या जूनमध्ये तो स्वतः त्या घेऊन बेनिनला गेला आणि त्याने त्या राजवाड्याच्या स्वाधीन केल्या. कोणत्याही कायद्याने त्याला तसे करण्यास भाग पाडले नव्हते.

एका माणसाने जे केले ते पुढे संस्थांनी केले. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २०२२ साली ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली; त्यांत फलक होते, राजवाड्याची म्हणून सांगितली जाणारी एक किल्ली होती आणि पितळी घंटाही होत्या. त्याच वर्षी जर्मनीने आपल्या संग्रहालयांतील हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली. २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी अशा परत येणाऱ्या वस्तूंचा स्वामी ओबा होय असे घोषित केले. २०२५ च्या जूनमध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या. त्यांतही एक घंटा होती. सर्व वस्तू परतल्या असे मात्र नव्हे. सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्या संस्थेचा कायदा तिला आपल्या वस्तू देऊन टाकण्यास सहसा मुभा देत नाही. परत आलेल्या वस्तू राजवाड्यात असाव्यात की राष्ट्रीय संग्रहालयात, यावरही नायजेरियात मतभेद झाले. हक्काची वस्तू घरी आल्यावर ती कोणत्या खोलीत ठेवावी, हा वाद कोणत्या कुटुंबाला नवा आहे? पण तो वाद घरातला असतो.

म्हणून ज्याच्या हाती अशी घंटा येईल त्याने काय करावे, याचे उत्तर या इतिहासातूनच निघते. तिची उंची आणि वजन नोंदवावे, चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, तिला घासू-पुसू नये. घरातील जुनी पत्रे, रोजनिशा, पेटीवरच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. जाणकाराला दाखवावी. ती नवी निघाली तर निराश न होता, एका जिवंत कारागिराचे काम म्हणून तिला घरात मानाने ठेवावे. ती जुनी निघाली आणि तिच्या कागदांवर ते साल असले, तर किमतीचा आकडा विचारण्यापूर्वी तिच्या घराचा पत्ता विचारावा.

नारोशंकराच्या घंटेची गोष्ट येथे पुन्हा आठवते. तीही युद्धात एका हातून दुसऱ्या हाती गेली. जिंकलेल्या घंटा अभिमानाने टांगणारे आपणही आहोत, हे विसरून दुसऱ्यांना न्याय सांगणे शोभणार नाही. विजयाचा तो अभिमान इतिहासात आपल्या जागी आहे. परंतु घंटा हे शस्त्र नव्हे, की पताका नव्हे. ती कोणाला तरी हाक घालण्यासाठी ओतलेली असते. बेनिनच्या ओताऱ्याने ऱ्हाइनकाठचा धातू वितळवून जी घंटा ओतली ती एका पुत्राने आपल्या बापाला साद घालावी म्हणून. ती काचेच्या कपाटात शंभर वर्षे मुकी राहिली तेव्हाही तिचे पितळ तेवढेच होते आणि बाजारात तिची किंमत चढतच होती. उणी होती ती एवढीच गोष्ट, की जिच्यासाठी तिला वाजावयाचे होते ती वेदी तिच्यापासून हजारो मैल दूर होती.